घाईकरांची एकशे एकोणीस आवर्तनं

कोणतीही कला जनतेपर्यंत न्यायची असेल, तर आधी तिच्या वाटेत उभे असलेले कलावंत बाजूला करावे लागतात. हे काम वरवर दिसतं तितकं सोपं नाही. कलावंत जागेवरून लवकर हलत नाहीत, हललेच तर आपली खुर्ची बरोबर घेऊन जातात, आणि वाद्यवृंदातले कलावंत खुर्चीबरोबर स्टँडही नेतात. म्हणून आमच्या शहरात ‘वाद्यवृंद आपल्या हाती’ हे परस्परसंवादी प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा समितीने पहिला निर्णय फार विचारपूर्वक घेतला. प्रदर्शन वाद्यवृंदाच्याच सभागृहात भरवायचं आणि त्या सहा महिन्यांत वाद्यवृंदाने सरावाची सोय दुसरीकडे पाहायची. (ती सोय पोहण्याच्या तलावाच्या कपडे बदलायच्या खोल्यांत झाली. तिथे हॉर्नचा आवाज सुरेख घुमतो, असं हॉर्नवाले सांगतात. बाकीचे काही सांगत नाहीत.)

या वाद्यवृंदाच्या स्वरलिपीच्या खोलीत मी चौतीस वर्षं काम केलं. वाद्यवृंदात प्रत्येक वादकापुढे त्याच्या एकट्याचं पान असतं. त्यावर फक्त त्याने काय वाजवायचं तेवढंच असतं, बाकीचे काय करताहेत याचा पत्ता नसतो. सगळ्यांचं सगळं एकत्र असलेली मोठी वही काठी हलवणाऱ्या चालकापुढे असते. त्या मोठ्या वहीतून एकेकाचं पान हाताने उतरवून काढायचं, हे माझं काम. नकला काढायचं यंत्र आलं तेव्हा माझी बोटं आधीच वाकडी झाली होती. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण कोणतं कपाट कोणत्या किल्लीने उघडतं हे मलाच ठाऊक असल्यामुळे प्रदर्शनासाठी मला स्वयंसेविका म्हणून परत बोलावलं आणि छातीवर ‘मला विचारा’ असा बिल्ला लावला. सहा महिन्यांत मला दोनच गोष्टी विचारल्या गेल्या. दुसरी होती, ‘चार्जिंग कुठे करायचं?’

माझा धाकटा भाऊ याच वाद्यवृंदात झांजा वाजवतो. झांजवाल्याचं काम लोकांना हलकं वाटतं. खरं पाहता वाद्यवृंदातलं सर्वांत जास्त काम तोच करतो, फक्त ते ऐकू येत नाही. त्याच्या पानावर एक मोठा आकडा असतो आणि त्यापुढे एक टोला. आकडा म्हणजे किती आवर्तनं गप्प बसायचं ते. एका आवर्तनात चार मात्रा. एखाद्या रचनेत एकशे एकोणीस आवर्तनं असं लिहिलेलं असलं, तर चारशे शहात्तर मात्रा मनात मोजायच्या, उभं राहायचं, झांजा उचलायच्या आणि एकदाच वाजवायचं. मग बसायचं. (मध्यंतरी डॉक्टरांनी धाकट्याला विचारलं, ‘दिवसाला किती मात्रा होतात?’ तो म्हणाला, ‘चारशे शहात्तर.’ त्यांनी ताबडतोब रक्त तपासायला पाठवलं.)

मोजायची ही सवय माणसाच्या हाडात मुरते. धाकट्याच्या घरी गेल्या कित्येक वर्षांत दूध उतू गेलेलं नाही. माझी भावजय म्हणते, ‘बाकी कशाला उपयोग नाही, पण गॅसजवळ उभं करायला बरे आहेत.’

गप्प बसून मोजणं म्हणजे नेमकं काय, हे सांगून कळत नाही. (म्हणून वाचकांनी कृपया इथे थांबावं, सावकाश बारा मात्रा मनात मोजाव्यात आणि मगच पुढचा परिच्छेद वाचावा. मी थांबते.)

आभारी आहे. तर एकतीस वर्षांपूर्वी याच एकशे एकोणीस आवर्तनांच्या रचनेचा मोठा कार्यक्रम होता. मूळ झांजवाले आदल्या दिवशी आजारी पडले आणि धाकट्याला ऐनवेळी उभं केलं. सराव झालाच नाही. झांजवाल्याचं जुनं पान चहा सांडून खराब झालं होतं, म्हणून सकाळी घाईघाईत मी नवीन उतरवून दिलं. धाकटा पान पुढे ठेवून मोजत बसला. रचनेच्या मध्यावर सगळी वाद्यं एकेक करून थांबतात आणि एकटी बासरी उरते, इतकी हलकी की श्रोते घसा खाकरायचेही विसरतात. त्या बासरीच्या ऐन मध्यात धाकटा उठला आणि त्याने सर्व शक्तीनिशी झांजा वाजवल्या. आठ आवर्तनं आधी. बासरीवाल्या बाईंच्या तोंडून निघालेला सूर मी आजवर पुन्हा ऐकलेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर म्हाताऱ्या चालकांनी सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, ‘घरी जायची फार घाई होती का?’ त्या दिवसापासून तो घाईकर झाला. पुढे भरती झालेल्या वादकांना ते त्याचं आडनावच वाटतं. कार्यालयातून येणाऱ्या लिफाफ्यांवरही घाईकरच असतं. पोस्टमनला ते तोंडपाठ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवरची पानं गोळा केली आणि त्याचं पान खिडकीपाशी नेऊन पाहिलं. एकशे एकोणीसमधल्या नऊचं पोट मी उघडं सोडलं होतं. नऊचा एक झाला होता आणि एकशे एकोणीसचे एकशे अकरा. मी ते पान फोल्डरमध्ये घातलं, फोल्डर कपाटात घातलं आणि कपाटाला कुलूप लावलं. उद्या सांगू, असं ठरवलं. ती रचना त्यानंतर कार्यक्रमात आली नाही, त्यामुळे उद्याही आला नाही.

आता प्रदर्शनाकडे वळू. ते खरोखर देखणं झालं होतं. पूर्वी आमच्या सभागृहाच्या दारात ‘वाद्यांना हात लावू नये’ अशी पाटी होती. रंगाऱ्याने ‘नये’मधला ‘न’ खरवडून काढला, उरलेल्या ‘ये’चं ‘या’ केलं, आणि ‘वाद्यांना हात लावू या’ अशी नवी पाटी जुन्या खर्चात तयार झाली. एका अक्षराने संस्थेचं धोरण इतकं बदललेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पहिल्याच दालनात ‘चालक व्हा’ हा खेळ होता. चौथऱ्यावर उभं राहून हातात काठी घ्यायची आणि हलवायची, की पडद्यावरचा वाद्यवृंद तशी साथ करतो. काठी जोरात हलवली की तो जोरात वाजवतो. तेवीस मिनिटांची रचना एक्कावन्न सेकंदांत संपवण्याचा विक्रम एका इस्त्रीवाल्याच्या नावावर आहे. (त्याचं मनगट पाहता तो टिकेल असं वाटतं.) शेजारी रांगत आत शिरता येईल एवढा मोठा ओबो (म्हणजे विलायती सनई) होता. त्यात तिघे अडकले. दोघांना मागे ओढून काढलं, तिसरा पुढून निघाला आणि त्याने अभिप्रायवहीत ‘डोळे उघडले’ असं लिहिलं. ‘तुम्ही कोणतं वाद्य आहात?’ या यंत्रापुढे सात प्रश्नांची उत्तरं दिली की आपलं वाद्य छापून येई. आमच्या बावीस वर्षं जुन्या मुख्य व्हायोलिनवादक बाईंना गंमत म्हणून बसवलं, तर उत्तर आलं, ‘ट्रँगल’, म्हणजे अधूनमधून टिणकन वाजणारा लोखंडी त्रिकोण. त्या वैद्यकीय रजेवर आहेत.

लोकांना वादकांपासून अगदीच तोडू नये, म्हणून एका कोपऱ्यात दोरीच्या पलीकडे एक खराखुरा चेलोवादक बसवला होता. बटण दाबलं की त्याच्यापुढे दिवा लागे आणि तो वाजवू लागे. सोडलं की थांबे. पाहणीत अडतीस टक्के लोकांनी तो ‘अगदी खरा वाटतो’ असं नोंदवलं. एका गृहस्थांनी तो मध्येच पापण्या मिटतो अशी तक्रार केली होती. ती वरिष्ठांकडे पाठवली आहे.

झांजांचं दालन धाकट्याने स्वतः आखलं होतं. त्याने फार काही मागितलं नाही. एक खुर्ची, भिंतीवर मोजणारा आकडा, समोर एक जोडी झांजा. पाहुण्याने बसायचं, एकशे एकोणीस आवर्तनं बासरीची ध्वनिफीत ऐकत मोजायची, मग उठून एक टोला द्यायचा. सगळं मिळून आठ मिनिटांना चार सेकंद कमी. ‘एकदा बसले की त्यांना कळेल,’ तो म्हणाला. काय कळेल ते त्याने सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी दोनशे बारा माणसं आत गेली. शेवटपर्यंत एकच टिकला. त्याला झोप लागली होती.

प्रदर्शनाच्या समन्वयक बाई तरुण, हुशार आणि कामाला वाघ. प्रत्येक दालनात माणूस किती सेकंद थांबतो याचा तक्ता त्यांच्या फोनवर असे. त्या धाकट्याला म्हणाल्या, ‘काका, तुमची कल्पना सुंदर आहे. फक्त एक लक्षात घ्या. लोकांना प्रतीक्षेचा अनुभव हवाय, प्रतीक्षा नकोय.’

‘मग काय करायचं?’

‘अर्धी करू.’

आठ मिनिटांची चार झाली, चारचं एक झालं, एकाचे नऊ सेकंद. नऊ सेकंदांनाही लोक तीन सेकंदांनंतर घड्याळ पाहतात असं तक्त्यात दिसल्यावर मोजणी काढून टाकली आणि आत शिरल्या शिरल्या टोला देण्याची सोय केली. प्रतीक्षा मात्र रद्द केली नाही, हे समितीच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ज्यांना ती हवी असेल त्यांच्यासाठी बाहेर एका बाकावर ‘प्रतीक्षा (ऐच्छिक)’ अशी पाटी लावली. तो बाक स्वच्छतागृहाच्या रांगेसाठी होता, त्यामुळे त्याला प्रतिसाद भरघोस मिळाला.

धाकटा तलावावर जाऊन कपड्यांच्या खुंट्यांखाली बसून मोजत राहिला. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता.

प्रदर्शनाच्या समारोपाला वाद्यवृंदाचा प्रत्यक्ष कार्यक्रम ठेवावा असं ठरलं, ते थोडं नाइलाजानेच, कारण निमंत्रणपत्रिकेत ‘वाद्यवृंद’ हा शब्द छापून झाला होता. कोणती रचना वाजवावी यावर समितीने पुन्हा तर्कशुद्ध विचार केला. कार्यक्रमात जनतेचा सहभाग हवा. जिथे वादक काही करत असतात तिथे जनतेला मध्ये शिरायला वाव नसतो. म्हणजे जिथे वादक सर्वांत जास्त वेळ काही करत नाहीत ती रचना उत्तम. बाईंनी मला जुनी कपाटं उघडायला लावली, सगळी पानं तपासली आणि सर्वांत मोठा विश्रांतीचा आकडा शोधून काढला.

‘मावशी, हे बघा. मिळालं,’ त्या आनंदाने म्हणाल्या. त्यांच्या हातात चहा सांडलेल्या पानाच्या जागी मी लिहिलेलं ते पान होतं. ‘हाताने लिहिलेलं आहे. हे काचेच्या पेटीत ठेवू. लोकांना अस्सल वाटेल.’

मी म्हणाले, ‘ठेवा.’ एकतीस वर्षं न बोलण्याचा सराव असला की एक शब्दही पुरतो. शिवाय मला वाटलं, पेटीत ठेवलेल्या पानावरून कोण वाजवणार आहे?

धाकट्याला रचनेचं नाव कळलं तेव्हा त्याने पिशवीतून झांजा काढून तलावाच्या बाकावर ठेवल्या. मग म्हणाला, ‘ताई, या वेळी बरोबर वाजवून जातो.’ भावजयीने त्याच्या काळ्या कोटाची बटणं घट्ट केली. तिला आणि मला, दोघींनाही ठाऊक होतं की त्याला निरोप समारंभ, भाषण, फुलं यातलं काही नको होतं. एक टोला योग्य जागी पडावा आणि लिफाफ्यावरचं ते नाव पुसलं जावं, एवढंच हवं होतं.

रविवारी सकाळी अकरा वाजता कार्यक्रम सुरू झाला. सहाशे चाळीस आसनं भरली होती. दारात प्रत्येकाला तळहाताएवढ्या पितळी झांजांची एक जोडी भेट मिळाली होती. व्यासपीठाच्या वर नवा मोजणी फलक लावला होता. झांजवाल्याची आवर्तनं त्यावर एकेक करून दिसतील आणि शेवटचा आकडा आला की फलक हिरवा होऊन दोन हातांचं चित्र उमटेल, तेव्हा सर्वांनी आपापल्या झांजा वाजवाव्यात, अशी सूचना झाली. फलक त्याच सकाळी बसवल्यामुळे वादकांनीही तो पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्या डोक्यावर असल्यामुळे खरं तर पाहिलाही नाही.

झांजवाल्याची विश्रांती सुरू झाली आणि फलक उजळला. ‘१ / १११’.

माझी खुर्ची बाजूच्या दाराशी होती. आधी मला वाटलं चष्मा पुसायला झालाय. पुसला. ‘४ / १११’ होतं.

माझ्याकडे सात मिनिटं होती. सात मिनिटं म्हणजे पुष्कळ, असं बसून असणाऱ्याला वाटतं. मी उठले आणि भिंतीला धरत धरत सभागृहाच्या मागे गेले. तिथे टेबलावर फलक चालवणारी बाई बसली होती. तोवर चौदा झाले होते.

‘शेवटचा आकडा चुकलाय,’ मी कुजबुजले. ‘एकशे एकोणीस हवा.’

‘आजी, कार्यक्रम चालू आहे.’

‘म्हणूनच सांगतेय.’

‘चालू कार्यक्रमात आकडा बदलायला बदल-विनंती लागते. समन्वयक मॅडमची लेखी.’

‘त्या कुठे आहेत?’

‘पहिल्या रांगेत.’ तिने मान न वळवता सांगितलं. ‘वाकून जा हं, मागच्यांना दिसत नाही.’

एकाहत्तर वर्षांची बाई वाकून चालते तेव्हा वेगळं वाकावं लागत नाही. पहिल्या रांगेपर्यंत पोचले तेव्हा बेचाळीस झाले होते. धाकटा व्यासपीठाच्या मागच्या टोकाला खुर्चीत ताठ बसला होता. उजव्या हाताचं बोट मांडीवर हलत होतं. त्याच्यापुढे पानच नव्हतं. पान बाहेर पेटीत होतं.

बाईंनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. ‘मावशी, चूक आहे याला आधार काय?’

‘पान.’

‘पानावरूनच तर केलंय.’

‘ते पान चुकीचं आहे.’

‘मूळ पान चुकीचं कसं असेल? मूळ आहे ना ते.’ त्यांनी फोनवर पानाचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. ‘बघा. हा एक आहे.’

‘तो नऊ आहे. पोट उघडं राहिलंय त्याचं.’

‘कोण म्हणतं?’

‘मी म्हणते. माझं अक्षर आहे ते.’

‘मग तेव्हाच नीट का नाही काढलात?’

फलकावर अठ्ठ्याऐंशी होते. एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. म्हाताऱ्या चालकांनी नाही, धाकट्याने नाही, भावजयीने नाही. बाईंनी तो फोनच्या उजेडात सहज विचारला, उत्तराची वाटही न पाहता. ‘बरं, लेखी द्या,’ त्या म्हणाल्या. ‘मी सही करते.’

पेन्सिल माझ्या अंबाड्यात कायम खोचलेली असते. कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर मी लिहिलं, ‘आकडा ११९ करावा’, आणि त्यांच्या हातात दिलं. बासरी सुरू झाली होती. त्यांनी कागद उजेडाला धरला, परत धरला.

‘मावशी,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही पण एकशे अकराच लिहिलंय.’

नऊचं पोट पुन्हा उघडं राहिलं होतं. मी कागद ओढून घेतला आणि आकडा खोडून अक्षरात लिहायला लागले. ‘एकशे एको’ इथवर आले तेव्हा कागदावर हिरवा उजेड पडला.

सहाशे चाळीस जोड्या झांजा एकाच क्षणी वाजल्या. आमच्या वाद्यवृंदाला इतका एकजीव टोला आजवर साधलेला नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. त्यात संकोच नव्हता, शंका नव्हती. मग लोकांना स्वतःचं कौतुक वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या. हातात झांजा असल्यामुळे टाळ्याही झांजांनीच वाजल्या.

बासरीवाली बाई थांबली नाही. (ती तीच. एकतीस वर्षांपूर्वीची. या वेळी सूर ढळला नाही. तिनेही बहुधा मनाची तयारी ठेवली होती.) आणि धाकटाही हलला नाही. त्याचे ओठ तेवढे हलत होते. मी त्याच्याबरोबर मोजायला लागले. एकशे बारा. एकशे तेरा. त्याच्याकडे पाहून लोक एकमेकांना कोपर मारत होते. एकशे सोळा. कुणीतरी मागून म्हणालं, ‘अहो काका, झालं की.’ एकशे अठरा. तो उठला, त्याने झांजा छातीपर्यंत उचलल्या, आणि एकशे एकोणीस संपताच त्या एकमेकींवरून अशा निसटत नेल्या की आवाज फुटला नाही, उघडला. मोठ्या वहीत जिथे तो लिहिला आहे, तिथे आणि तसाच. टाळ्यांच्या खालून तो किती जणांना ऐकू आला ते सांगता येत नाही. मला आला. बासरीवालीने मान किंचित हलवली, म्हणजे तिलाही आला असावा.

कार्यक्रमानंतर मी तलावावर गेले. तो झांजा पुसून कापडी पिशवीत ठेवत होता.

‘अरे,’ मी म्हणाले, ‘तेव्हाचं ते पान...’

‘ठाऊक आहे.’

‘काय ठाऊक आहे?’

‘नऊचा एक झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी वही उघडून पाहिली मी.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तू बोलशील म्हणून थांबलो होतो.’ त्याने पिशवीची नाडी ओढली. ‘मला सवय आहे, ताई.’

समारोपाच्या पाहणीत एक्क्याण्णव टक्के श्रोत्यांनी झांजवाले गृहस्थ उशिरा वाजवतात असं मत नोंदवलं. सहा टक्क्यांनी त्यांना पाहिलंच नव्हतं. उरलेल्या तीन टक्क्यांना खुर्च्या आवडल्या. कार्यालयाने धाकट्याकडून ‘आठ आवर्तनांच्या विलंबाबाबत’ खुलासा मागवला. त्याने एका ओळीत कळवलं की तो मोजत होता. खुलासा असमाधानकारक असल्याचा शेरा त्याच्या सेवापत्रकावर पडला आणि तो निवृत्त झाला.

मग मात्र मी बसून तीन पानी निवेदन लिहिलं. सगळं लिहिलं. चहा, घाई, नऊचं पोट, कपाट, कुलूप. सर्व आकडे अक्षरांत लिहिले. समितीने त्यावर विशेष बैठक घेतली आणि माझ्या निवेदनाचं तोंडभरून कौतुक केलं. तिचा निष्कर्ष असा: एका बाजूला मोठ्या वहीतला एक आकडा आहे आणि दुसऱ्या बाजूला सहाशे चाळीस नागरिकांनी उत्स्फूर्तपणे, एकमताने दिलेला कौल आहे. रचनाकार हयात नसल्यामुळे त्यांची हरकत येण्याचा संभव नाही. सबब मोठ्या वहीत दुरुस्ती करून यापुढे विश्रांती एकशे अकरा आवर्तनांची राहील, आणि बासरीची आठ आवर्तनं, जी आता कुठेच बसत नाहीत, ती गाळावीत. जनतेची पसंती एकतीस वर्षं आधी ओळखून कागदावर उतरवल्याबद्दल प्रस्तुत लेखिकेला मानपत्र देण्यात यावं.

मानपत्र जाड कागदाचं आहे. त्याची पाठ कोरी आहे. रोज सकाळी मी तिच्यावर एक ओळ नऊ काढते, पोट मिटवून.

वाद्यवृंद अजून तलावावरच आहे, कारण जनतेच्या मागणीवरून प्रदर्शन कायमचं करण्यात आलं. धाकटा घरी असतो. दूध उतू जात नाही. कार्यालयातून निवृत्तीचे कागद आले त्या लिफाफ्यावर पहिल्यांदाच घाईकर नव्हतं. ‘श्री. उशीरकर’ असं होतं. पोस्टमन गोंधळला आणि दोन घरं पुढे जाऊन परत आला.

हे सगळं वाचून आमच्या गावच्या श्रोत्यांना तुम्ही हसला असाल. हसायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट राहिली. वर एका ठिकाणी मी तुम्हाला थांबून सावकाश बारा मात्रा मोजायला सांगितलं होतं. तुम्ही पुढच्या ओळीवर किती मात्रांनी आलात ते मी पाहिलंय, आणि तरी आभार मानलेत. घाईकर हे नाव सध्या रिकामं आहे. तुमच्या लिफाफ्यावर तेच घालते.